गोरड सुभेदारांची हाळी

गोरड सुभेदार आमच्या कॉलेजात आले त्या दिवशी माझ्या ग्रंथालयातला प्रिंटर आठ दिवसांपासून बंद होता. विश्रामबागेतलं आमचं कॉलेज तसं मोठं. तीन इमारती, दीडशेच्या वर कॉम्प्युटर. आधी बाहेरच्या एका दुकानाचा माणूस महिन्यातून दोनदा यायचा, कीबोर्ड उलटा करून झटकायचा आणि जायचा. त्याच्या जागी आता करारावर एक निवृत्त फौजी घेतलाय, एवढंच आमच्या कानावर होतं.

दारात उंच, काळासावळा, पन्नाशी ओलांडलेला माणूस उभा होता. बुशशर्टाची इस्त्री अशी की बाहीच्या घडीवर बोट कापावं. कानावर निळी पेन्सिल. त्यांनी बूट काढून भिंतीशी जोडीनं लावले आणि आत आले.

"मॅडम, ह्यो प्रिंटर कुणाच्या मशीनवर हाय?"

"माझ्या. म्हणजे, इथंच आहे की."

"हितं ठेवलाय, पर तुमच्या मशीनला जोडलेला न्हाई. ही तार बघा कुठं जाती. भिंतीतनं पलीकडं. दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमार्फत तुमी छापताय. त्या मशीनचं नाव काय?"

मी ग्रंथपाल. मला पुस्तकांची नावं ठाऊक. मशीनला नाव असतं हेच मला त्या दिवशी कळलं. सुभेदारांनी रेक्झिनच्या पिशवीतून एक जुनाट लॅपटॉप काढला, भिंतीतल्या खाचेत तार खोवली. पडदा काळा झाला. त्यावर त्यांनी चार इंग्रजी अक्षरं टाइप केली, एक बटण दाबलं, आणि दोन-चार सेकंदांत पांढऱ्या ओळी एकाखाली एक उतरू लागल्या. प्रत्येक ओळीत एका मशीनचं नाव, आणि नावाखाली त्या मशीननं इतरांसाठी काय काय उघडं ठेवलंय त्याची यादी. कुठं फोल्डर, कुठं प्रिंटर.

"घावला," ते म्हणाले. "पलीकडं जिमखान्यातल्या मशीनवर हाय तुमचा प्रिंटर. कुणीतरी त्या मशीनचं नाव बदललंय, आन् तुमचं मशीन अजून जुन्याच नावानं त्याला बोलावतंय. कसा 'ओ' दील त्यो?"

पाच मिनिटांनी प्रिंटर खडखडला आणि आठ दिवसांची तुंबलेली 'पुस्तक परत करा' पत्रं भराभर बाहेर पडली. मी त्यांना विचारलं, ही चार अक्षरं कसली?

"हाळी," ते म्हणाले. "म्या केल्याली हाय."

त्यांचं गाव आटपाडीच्या पुढं. घराणं मेंढपाळांचं. वडिलांच्या मागं ते दहाव्या वर्षापर्यंत माळावर हिंडले, मग शाळा, मग सैन्य. सैन्यात पहिल्यापासून तारायंत्राचं, संदेशाचं काम. पुढं तिथंच कॉम्प्युटर आले आणि शेवटच्या नेमणुकीत त्यांनी ही हाळी, म्हणजे हा प्रोग्रॅम, लिहायला घेतली. "एक गडी ह्या टेकावर, एक त्या टेकावर. मदी मेंढरं. हाळी घातल्याबिगर कोण कुठं हाय कळत न्हाई. हितं बी तसंच हाय बघा. आधी सगळ्यांना मिळून एकच हाळी: कोण कोण हाय रं? काही मशीनं लगीच 'ओ' देत्यात. जी देत न्हाईत त्यांच्या दारात जाऊन येकयेकाची कडी वाजवायची. नेटवर्कच्या एका गल्लीत दोनशे चोपन्न दारं. समदी वाजवायची."

"आणि तरीही गप्प राहिलं तर?"

"जवाब न्हाई म्हंजे मेलं असं न्हाई, मॅडम. बहिरं असंल."

हे वाक्य पुढं मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी आमचे प्राचार्यसुद्धा सभेत एखादा प्राध्यापक गप्प बसला की तेच म्हणायला लागले.

सकाळी सव्वानऊला सुभेदार हजर. आल्या आल्या हाळी. मग ती यादी आणि कालची यादी शेजारी ठेवून निळ्या पेन्सिलीनं खुणा. कोण नवीन आलं, कोण गप्प झालं, कुणाचं कुठलं फोल्डर पासवर्डाशिवाय उघडं आहे. उघड्या फोल्डरापुढं हाळी स्वतःच एक चांदणी काढायची. चांदणी दिसली की सुभेदार त्या माणसाकडं पायी जायचे. फोन करायचे नाहीत. "सर, तुमचं एक फोल्डर समद्या कॉलेजाला दिसतंय. बंद करू का तुमी करताय?" दुरुस्ती करताना कुणाच्या खुर्चीवर बसायचे नाहीत. उभ्यानं, कमरेत वाकून. त्या माणसाला उठावं लागू नये म्हणून.

आणि उघडं फोल्डर त्यांनी कधी आत जाऊन बघितलं नाही. इतिहासाच्या एका सरांनी एकदा थट्टेत विचारलं, "काय सुभेदार, सगळ्यांची अंडीपिल्ली ठाऊक असतील तुम्हाला!" सुभेदारांना थट्टा कळत नव्हती असं नाही, पण या बाबतीत ती चालत नव्हती. "सर, दार उघडं दिसलं तर हाक मारून सांगायचं. आत जायाचं नसतं." सर हसायचे थांबले.

दुपारी एकच्या ठोक्याला ते ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात डबा उघडत. बाजरीची भाकरी, हुलग्याची उसळ, कांदा. डबा धुऊन झाला की माझ्याकडं येऊन एक पुस्तक मागत. प्रोग्रॅमिंगचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यांचं इंग्रजी लष्करातलं, हुकमाचं आणि यादीचं; त्या पुस्तकातलं एकेक पान त्यांना दोन दोन दिवस पुरे. अकरा वेळा त्यांनी ते पुस्तक पुन्हा आपल्या नावावर लावून घेतलं. अकराव्या वेळी मी म्हटलं, "राहू दे तुमच्याकडंच, कुणी मागत नाही." ते म्हणाले, "नियम मोडू नका मॅडम. लावा शिक्का." त्या पुस्तकाच्या आधारानं हाळी वाढत गेली. आधी नुसती नावं सांगायची, पुढं कुठलं यंत्र कोणत्या भिंतीतल्या खाचेला जोडलंय तेही सांगू लागली.

आमच्याकडं वनस्पतिशास्त्राला साठे मॅडम होत्या. खानापूर, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यातल्या गवतांवर त्यांचं आयुष्य गेलं. सुभेदार यायच्या वर्षभर आधी त्या आजारपणात गेल्या. एका उन्हाळ्यात त्यांची मुलगी पुण्याहून आली. आईनं काढलेले गवतांचे फोटो कुठं सापडत नव्हते. घरच्या कॉम्प्युटरवर थोडेसे होते. बाकीचे कॉलेजात ठेवलेत असं आई म्हणायची. विभागात चौकशी केली तर साठे मॅडमचं मशीन भंगारात गेलेलं. विभागप्रमुखांनी हळहळ व्यक्त केली आणि चहा मागवला. मुलगी डोळे पुसत ग्रंथालयात आली. आईनं कधी सीडी वगैरे इथं जमा केली होती का, हे विचारायला.

सुभेदार तेव्हा माझ्या टेबलाशी पुस्तकावर शिक्का घेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुमच्या आईचं पहिलं नाव काय?"

"शरयू."

सुभेदारांनी खिशातून डायरी काढली, पानं उलटली. "आमच्या यादीत 'शरयू' नावाचं एक यंत्र हाय. मी आलो त्या दिवसापासनं रोज 'ओ' देतंय. कुणाचं हाय म्हणून समद्यांना विचारलं. कुणीच आपलं म्हणंना. म्हणून म्या ते बंद केलं न्हाई."

आम्ही तिघं विज्ञान इमारतीत गेलो. हाळीनं दुसऱ्या मजल्यावरची एक खाच सांगितली, पण त्या खाचेतून निघालेली तार एका लाकडी कपाटामागं गेली होती. ते कपाट वाळवलेल्या वनस्पतींचं, कागदांच्या चळतींनी भरलेलं. शिपायांनी ते हात-दीड हात पुढं ओढलं. मागं, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एका फळकुटावर पुस्तकाएवढी काळी डबी होती. धुळीनं माखलेली, आणि एक हिरवा दिवा लुकलुकत होता. साठे मॅडमनी स्वतःच्या पैशानं आणून बसवलेली, फायली साठवायची डबी. वीज गेली की बंद पडायची आणि वीज आली की कुणाला न सांगता पुन्हा सुरू व्हायची.

सुभेदारांच्या लॅपटॉपवर मुलीनं तिसऱ्या प्रयत्नात पासवर्ड ओळखला. सुभेदार पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत उभे होते. ती म्हणाली, "काका, बघा ना." तेव्हा वळले. फोटो हजारोंनी. प्रत्येकाखाली लॅटिन नाव, आणि पुष्कळांच्या पुढं मराठी नावाची जागा रिकामी.

सुभेदार वाकले. एकेक फोटो नीट बघितला. मग बोट पडद्याला न लावता म्हणाले, "ह्यो पवना. ह्यो मारवेल. ही कुसळी, हिची कुसळं मेंढरांच्या तोंडात जात्यात, श्रावण सरला की हिकडं कळप घालायचा न्हाई. ह्यो शेडा... थांबा, थांबा. मागं घ्या. ह्यो आमच्या म्हाताऱ्यानं मला दावला होता. ह्याला आमी दुधी म्हनायचो. ह्यो खाल्ला की मेंढीला दूध लय येतं."

मुलीनं लिहायला घेतलं. पुढचे चार दिवस दुपारी एकच्या डब्यानंतर सुभेदार नावं सांगत होते आणि ती रिकाम्या जागा भरत होती. सगळी नाही भरली. जे ठाऊक नाही तिथं ते सरळ म्हणत, "ह्ये मला म्हाईत न्हाई, ताई. अंदाजानं लिहू नका." शेवटच्या दिवशी तिनं त्यांना नमस्कार केला तेव्हा हा सहा फुटी माणूस दोन पावलं मागं सरकला.

या प्रसंगानं सुभेदारांचा कॉलेजात मोठा दबदबा झाला. तो त्यांना आवडतही होता, हे मी लपवणार नाही. चालण्यात थोडी ऐट आली. सकाळची यादी लांब झाली की ते वैतागायचे. जी मशीनं आपण स्वतः लावलीत, ज्यांच्यात खोट निघणारच नाही, ती रोज रोज कशाला तपासायची? म्हणून त्यांनी हाळीला एक यादी शिकवली: ही वीस-बावीस मशीनं भरवशाची, यांच्या दारावरनं गप पुढं जायचं.

दिवाळीनंतरच्या सत्र परीक्षेत रसायनशास्त्राचा पेपर फुटला. सकाळी अकराला पेपर, आणि नऊ वाजता मुलांच्या फोनवर प्रश्नपत्रिका फिरत होती. शब्द न् शब्द तीच. पेपर रद्द झाला. प्रश्नपत्रिका होती परीक्षा विभागात, नलवडे यांच्या मशीनवर. नलवडे तासगावचे, चौदा वर्षं नोकरीत, खाली मान घालून काम करणारा माणूस. मशीनचा पासवर्ड त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, मग पेपर बाहेर जाईल कसा? चौकशी समितीत प्राचार्य, संस्थेचे एक पदाधिकारी, आणखी दोन प्राध्यापक आणि मी होते. पहिल्या दिवशी नलवडे नुसते "मी न्हाई, साहेब" एवढंच म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी तेही म्हणेनात. चौथ्या दिवशी निलंबनाचं पत्र टाइप होऊन टेबलावर आलं. खरं सांगते, मलाही तेव्हा वाटलं होतं की यांनीच केलं असावं. गप्प माणसावर संशय लवकर बसतो.

प्राचार्यांनी पेन उघडलं तेवढ्यात सुभेदार दारात आले. बोलावलं नव्हतं. बूट बाहेर काढले, आत येऊन ताठ उभे राहिले.

"सर, सही करायच्या आदी धा मिंटं द्या."

"सुभेदार, हे परीक्षा विभागाचं काम आहे. तुमचं नाही."

"माझंच हाय, सर."

त्यांनी लॅपटॉप जोडला आणि भिंतीवरचा मोठा पडदा लावला. "ही हाळी रोजच्यासारखी." ओळी उतरल्या. कुठंही चांदणी नव्हती. "आता भरवशाची यादी काढून टाकतो. समद्यांना इचारतो." पुन्हा तीच चार अक्षरं. ओळी उतरल्या, आणि मध्यावर नलवड्यांच्या मशीनचं नाव आलं. त्याच्याखाली एकच फोल्डर. त्याच्यापुढं चांदणी.

प्राचार्यांनी उघडलेलं पेन बंद केलं.

"ह्या फोल्डरला पासवर्ड न्हाई," सुभेदार म्हणाले. "कॉलेजातल्या कुठल्याबी मशीनवरनं उघडतंय. लॅबमधनं. मॅडमच्या वाचनालयातनं बी. नलवड्यांच्या पासवर्डाची गरजच न्हाई. त्यांना म्हाईतबी न्हाई ह्ये उघडं हाय."

पदाधिकाऱ्यांनी विचारलं, "मग कुणी उघडलं?"

"म्या."

त्यांचा आवाज हलला नाही. हात मात्र पँटच्या शिवणीला घट्ट लावलेले होते.

"उन्हाळ्यात ह्यांना नवं मशीन दिलं. जुन्यातल्या फायली हिकडं आणाया म्या तासाभरासाठी फोल्डर उघडं केलं. काम झालं, बंद करायचं इसरलो. इसरतो मानूस, त्यासाठीच तर हाळी केली. पर नव्या मशीनचं नाव म्या त्याच दिवशी भरवशाच्या यादीत घातलं. मी लावलंय म्हंजे चोख असणार, ह्यो माज. पाच महिनं माझीच हाळी त्या दारापुढनं गप जात हुती. आज सकाळी ध्येनात आलं. पेपर कुणी उचलला ते मला सांगता यायचं न्हाई. पर दार उघडं टाकणारा मी हाय."

"याचा अर्थ कळतो का तुम्हाला?" पदाधिकारी चढ्या आवाजात म्हणाले. "तुमची नोकरी जाईल."

"कळतो, साहेब. काढायचं तर काढा. पर आदी त्ये नलवड्यांचं पत्र फाडा. माझ्यासमोर."

प्राचार्यांनी पत्र उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि आडवं फाडलं. मग उभं. तुकडे केराच्या टोपलीत पडेपर्यंत सुभेदार बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ठीक है," आणि जाऊन बूट घातले.

पेपर कुणी उचलला ते शेवटपर्यंत कळलं नाही. रसायनशास्त्राची परीक्षा पुन्हा झाली. सुभेदारांना लगेच काढलं नाही, कारण त्यांच्याशिवाय तीन इमारती कोण सांभाळणार, हा प्रश्न होताच. करार संपेपर्यंत ठेवायचं, पुढं नाही, असं ठरलं. सात महिने उरले होते. मला वाटलं, आता हा माणूस आपणहून जाईल. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला ते हजर.

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?" मी न राहवून विचारलं.

"वाटतंय की. लय वाटतंय. पर बिघडवून मधनंच जायाचं हुय?"

भरवशाची यादी त्यांनी पुसून टाकली होती. हाळी आता प्रत्येक दार वाजवायची, आणि सगळ्यात आधी सुभेदारांचा स्वतःचा लॅपटॉप तपासायची. सकाळची यादी छापून ते सूचनाफलकावर लावू लागले. खाली वेळ आणि सही. लोक आधी कुजबुजले. मग स्वतःच फलकापुढं थांबून आपलं नाव शोधू लागले.

नलवड्यांनी मात्र त्यांना माफ केलं असं मला म्हणता येणार नाही. एकदा व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले. मी आतून पुस्तकं लावत होते.

"नलवडे, तुमच्याशी बोलायचं हुतं."

"बोला."

"चुकलो मी."

पुढं निघालेले नलवडे थांबले. मग म्हणाले, "सुभेदार, तुमी आला नसता तर मी आज हितं नसतो, त्ये मला कळतंय. पर त्या चार दिसांत माझ्या पोरीनं मला विचारलं, पप्पा, खरं सांगा, तुमी दिला का पेपर? त्ये काय मला इसरता येत न्हाई बगा."

"इसरू नका," सुभेदार म्हणाले. "तुमचं बरोबर हाय."

नलवडे निघून गेले. सुभेदारांनी त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला.

करार संपला त्या दिवशी त्यांनी मला एक वही दिली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निळ्या पेन्सिलीत, सुवाच्य अक्षरात, हाळी कशी चालवायची आणि ती काय सांगते ते मराठीत लिहिलेलं होतं. एक अख्खं पान हाळीला काय कळत नाही याचं होतं. "नवीन मानूस येईल त्याला द्या," म्हणाले. वहीची मी रीतसर नोंद केली आणि शिक्का मारून कपाटात ठेवली. नवीन आलेली मुलगी हुशार आहे. तिनं वही दोनदा वाचली आणि रोज सव्वानऊला यादी लावते.

त्यानंतर दोन वर्षं सुभेदारांची काही खबर नव्हती. गेल्या हिवाळ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरच्या एका दवाखान्यात झालं. आई माझ्या भावाकडं कऱ्हाडला असते. एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईला घेऊन मी जिन्याशी उभी होते. लिफ्ट बंद. तेवढ्यात वरून इस्त्रीचा बुशशर्ट घातलेला उंच माणूस उतरला. मिशी आता पूर्ण पांढरी झाली होती. गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र.

"आवं मॅडम! तुमी हितं?"

"सुभेदार! इथं कधीपासून?"

"दीड वरीस झालं. समदं नेटवर्क माझ्याकडं हाय. कामावर घेताना सायबांनी इचारलं, मागचं काम का सुटलं? म्हटलं, चूक केली म्हणून. कोणची चूक, ती बी सांगितली. उद्यापासनं या म्हणाले." आणि लगेच आईकडं वळून, "आज्जी, चला. माझ्या दंडाला धरा. पायरीकडं बघू नका, मी सांगतो."

आईनं त्यांचा दंड धरला. "कुणाचा रं तू, बाबा?"

"गोरडाचा, आज्जी. आटपाडीकडचा."

"लांबचा हायस की."

"व्हय. एक पायरी. अजून एक. आता सपाट."

रिक्षात आईला बसवून त्यांनी तिच्या पदराचं टोक चाकात जाणार नाही असं आत सारलं. मी काहीतरी बोलणार होते. कॉलेजात सगळे आठवण काढतात, असं काहीतरी. पण फाटकाबाहेर अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. हायवेच्या कडेचा रस्ता तुंबला होता. उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आडवा अडकलेला, त्याच्यामागं कऱ्हाडची एसटी.

सुभेदार फाटकातून बाहेर गेले. पळाले नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी एक हात वर केला आणि दुसऱ्यानं ट्रॅक्टरवाल्याला मागं घ्यायची खूण केली. एसटी थांबली. आमची रिक्षाही फाटकाच्या आत एका बाजूला थांबून राहिली. ट्रॅक्टर हातभर मागं सरकला, आणि त्या फटीतून अँब्युलन्स आत आली. त्यांनी हात खाली घेतला, ट्रॅक्टरवाल्याला मान डोलावली, आणि अँब्युलन्सच्या मागोमाग झपाझप पावलं टाकत आत निघून गेले.